कान्होबाचा वाटा

तुकोबारायांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या आणि त्या तरून वर आल्या, ही कथा ऐकतच मराठी घरातील मूल मोठे होते. परंतु त्याआधी त्याच नदीत तुकोबांनी स्वतःच्या हातांनी आणखी काही कागद सोडले होते आणि ते मात्र कधीच वर आले नाहीत, याचे स्मरण आपणांस सहसा होत नाही. घरी महाजनकी होती, दुकान होते आणि दुकानापाठोपाठ येणारी देवघेवही होती. १६३० च्या सुमारास दख्खनवर कोसळलेल्या दुष्काळात ते सारे उलथून पडले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, आणि त्या आघाताने संसारातून मन काढून घेतलेल्या तुकोबांनी, वडिलांच्या काळापासून लोकांकडे येणे असलेल्या रकमांची खतपत्रे एके दिवशी घराबाहेर काढली. परंपरा सांगते की, धाकटा भाऊ कान्होबा याने तेव्हा आपली अडचण पुढे मांडली: थोरला विरक्त झाला, पण धाकट्याला लेकरेबाळे सांभाळावयाची होती. तुकोबांनी त्याला उपदेश केला नाही, त्याची निर्भर्त्सनाही केली नाही. त्यांनी कागदांचे दोन समान वाटे केले, एक भावाच्या हाती ठेवला आणि आपला तेवढा पाण्यात सोडला.

या कथेतील बुडालेल्या वाट्यावर कीर्तनकारांनी रात्रीच्या रात्री जागविल्या आहेत. माझे मन मात्र गेली कित्येक वर्षे उरलेल्या वाट्यापाशी घुटमळत राहिले आहे. कान्होबा काही लोभी मनुष्य नव्हता. ‘तुकयाबंधु’ या नावाने त्याचे अभंग आजही गाथ्यात आहेत, आणि थोरल्याच्या वियोगाने तो किती विव्हळला, हे त्या अभंगांतूनच आपणांस कळते. त्याने मागून घेतला तो जगाच्या रहाटीचा वाटा होता. संताने मोकळी केलेली कुळे त्या दिवशी ताठ मानेने घरी गेली असतील; परंतु पुढच्या मृगाला त्यांना बियाणे लागणारच होते, बैल मेला तर दुसरा घ्यावा लागणारच होता, आणि त्यासाठी पुन्हा कोणाच्या तरी ओट्याखाली पायतण काढून उभे राहणे त्यांच्या नशिबी होतेच. झालेले कर्ज त्यागाने फिटते. होणाऱ्या कर्जाची सोय त्यागाने लागत नाही. म्हणून मला असे वाटते की, धर्माच्या दृष्टीने अवघड प्रश्न तुकोबांच्या वाट्याचा नसून कान्होबाच्या वाट्याचा आहे. ज्याला कागद बुडविता येत नाहीत, त्याने ते वागवावेत कसे? गरिबाला उसने द्यावे, ते परतही घ्यावे, आणि तरीही त्या घेण्यात अधर्माचा लवलेश नसावा, असे काही संभवते काय?

भाषेची साक्ष काढली तर उत्तर निराशेचे मिळते. संस्कृतात कर्ज देणारा तो उत्तमर्ण आणि घेणारा तो अधमर्ण. शब्दाच्या घडणीतच एकाला वरचे आसन दिलेले आहे आणि दुसऱ्याला खालचे. उलट, मनुष्य जन्मास येतो तोच देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे शिरावर घेऊन, असे तैत्तिरीय संहितेपासून चालत आलेले मत आहे. आणि या लोकी, परलोकी, त्यापलीकडच्या तिसऱ्या लोकीही आपण अनृण व्हावे, अशी याचना अथर्ववेदातील ऋषी करतो. या दोन विचारांची गाठ आपल्या परंपरेने कधी नीट पडू दिली नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. जन्मणारा प्रत्येक जीव जर ऋणकरी असेल, तर ओट्यावर बसलेला सावकार आणि ओट्याखाली उभा असलेला कुळवाडी या दोघांत अधम तो कोण आणि उत्तम तो कोण? परलोकीच्या हिशेबात सर्वांस समान ठरविणारे शास्त्र इहलोकीच्या हिशेबाला बसले की त्याची लेखणी बदलते. कौटिल्याने शंभर पणांस दरमहा सव्वा पण हे धर्म्य व्याज मानले, व्यापाऱ्यास पाच, अरण्य ओलांडणाऱ्यास दहा आणि समुद्रावर जाणाऱ्यास वीस. यात निदान धोक्याचे मोजमाप आहे. मनुस्मृतीने मात्र ब्राह्मणाकडून दरमहा शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच घ्यावेत असे सांगितले. म्हणजे ज्याच्या घरी सर्वांत थोडे, त्याच्याकडून सर्वांत अधिक. ही ओळ वाचताना आजही माझे मन क्षुब्ध होते, कारण ती केवळ प्राचीन नाही. अगदी परवापर्यंत कारखानदारास बँक ज्या दराने रक्कम देत असे, त्याच्या कित्येक पटींनी हातगाडीवाली आपल्या भांडवलाचे व्याज मोजत होती, आणि पुष्कळ ठिकाणी अजूनही मोजते.

तथापि त्याच स्मृतीने व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा नियमही घालून दिला, आणि इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी तो मानला, हेही विसरता कामा नये. कर्जाच्या व्यवहाराला कोठेतरी कुंपण हवे, ही जाणीव सर्व धर्मांस झालेली दिसते. यहुद्यांच्या धर्मग्रंथात एक विलक्षण आज्ञा आहे: कोणाचे जाते अथवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे त्याचा प्राणच गहाण घेणे होय. आणि ही गोष्ट केवळ धर्मग्रंथांपुरती राहिलेली नाही. आपल्याकडील १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम काढून पाहावे. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गुरे आणि बियाणे, घरातील स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धर्मरूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, यांवर जप्ती आणता येत नाही. कायद्याच्या रुक्ष पानांत मला या कलमाइतके धार्मिक दुसरे काही आढळलेले नाही.

कुंपण मोडले की काय होते, हे देहूच्याच पुणे जिल्ह्याने तुकोबांनंतर सव्वादोनशे वर्षांनी पाहिले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६० नंतरच्या काही वर्षांत कापसाचे भाव आकाशाला भिडले, तेव्हा सावकाराने हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, त्यातच फेरआकारणीने जमीनमहसूल वाढला, आणि वसुलीसाठी दिवाणी अदालत सावकाराच्या हाताशी तयार होती. लिहिता न येणारा कुणबी रोख्याखाली नांगराची निशाणी करी. ज्या नांगरावर त्याचे पोट, त्याच नांगराचे चित्र काढून तो आपली जमीन लिहून देत होता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे लोक सावकारांवर चालून गेले आणि तेथून हे लोण नगर जिल्ह्यापर्यंत पसरले. या दंग्यांचा विशेष हा की जमावाला प्रायः कोणाच्या जिवाशी कर्तव्य नव्हते. त्याला कागद हवे होते. रोखे, गहाणखते, हुकूमनामे यांची होळी झाली की बहुतेक गावी लोक पांगत. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ चा कायदा होऊन रोख्याच्या मागे जाऊन मूळ देवघेव तपासण्याचा अधिकार न्यायाधीशांस मिळाला.

एका जिल्ह्यात, एकाच जातीचे कागद: देहूला ते धनकोने पाण्यात सोडले, सुप्याला ते ऋणकोने अग्नीत घातले. देहूचे कृत्य संताचे आणि सुप्याचे त्रस्ताचे. परंतु जो कागद बुडवावा लागत नाही आणि जाळावाही लागत नाही, घेणाऱ्याने स्वच्छ मनाने फेडावा आणि देणाऱ्याने स्वच्छ मनाने फाडावा, असा कागद लिहिण्याचे काम दोन्ही ठिकाणी अपुरेच राहिले.

आपल्या मराठीत ‘तारण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. कर्जापोटी धनकोकडे जे अडकवून ठेवावयाचे ते तारण, आणि बुडत्याला वर काढणे तेही तारण. ज्याच्यापाशी पहिले नाही त्याचे दुसरे कोण करणार, हा दारिद्र्याचा सारा पेच त्या एका शब्दात मावतो. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याने या पेचाला प्रथम हात घातला. जर्मनीत राइफायझेन याने खेड्यांतून उभारलेल्या संस्थांचा आदर्श समोर होता, आणि एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची परस्पर हमी हे तारणाच्या जागी चालेल, असा त्यामागे विश्वास होता. ‘पतसंस्था’ हे नाव मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण पत म्हणजे अब्रूही. परंतु सहकाराच्या या पहिल्या लाटेतही पत मिळाली ती मुख्यतः सातबाऱ्यावर नाव असलेल्याला. ज्या घराला सातबाराच नव्हता, आणि त्या घरातील जी स्त्री, ती ओट्याखाली उभी राहिली ती राहिलीच.

तिच्यापर्यंत पोहोचण्याचा एक प्रयत्न मुंबईच्या गिरणगावात झाला, आणि तो मला आपल्या अर्थव्यवहारातील एक मोठे धर्मकृत्य वाटतो. कोकणातून आणि घाटावरून आलेला, बिऱ्हाड गावीच ठेवलेला गिरणीकामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत असे आणि कोण्या बाईच्या खाणावळीत जेवत असे. ती बाई बहुधा विधवा, नाहीतर नवरा आजारी पडलेला अथवा कामावरून सुटलेला. पहाटेपासून रात्रीपर्यंत भाकऱ्या थापून तिच्या हाती काय उरे? जेवणाऱ्यांचे पैसे पगार झाल्यावर येत, आणि तोवर महिनाभराचे धान्य, तेल, मीठमिरची वाण्याकडून उधारीवर आणावी लागे. उधारीचा भाव निराळा, माल वाणी देईल तो, आणि पगाराच्या दिवशी आलेला पैसा उंबरठ्यावरूनच वाण्याकडे जाई. गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे कामगार चळवळीत आयुष्य वेचलेल्या प्रेमाताई पुरव यांनी हे दुष्टचक्र पाहिले. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि बँक आता गरिबाचीही, असे निदान कागदावर तरी लिहिले गेले होते. त्या लिहिण्यावर बोट ठेवून त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि खाणावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेची कर्जे मिळवून दिली. तारण होते ते बायकांच्या एकमेकींवरील भरवशाचे.

या छोट्या कर्जाने नेमके काय साधते, हे मी पुष्कळ दिवस चुकीचे समजत होतो. मला वाटे, कर्जातून धंदा वाढतो, धंद्यातून नफा, आणि नफ्यातून दारिद्र्य हटते. क्वचित तसे घडतेही. पण बहुधा जे घडते ते याहून साधे आणि याहून मूलगामी आहे. शहरांच्या बाजारांतून रोजंदारीची सावकारी चालते: पहाटे भाजीवालीच्या हाती नऊशे रुपये ठेवावयाचे आणि दिवेलागणीला हजार घ्यावयाचे. हे शंभर रुपये वर्षाचे तीनशे दिवस मोजले तर तीस हजार होतात, आणि तेही ज्या मुद्दलापायी जातात ते अवघे नऊशे. तिला कोणी एकदाच, रास्त व्याजाने, हप्त्याहप्त्याने फेडता येईल अशी दोन-चार हजारांची रक्कम दिली तर तिच्या टोपलीतील भाजी वाढली नाही, गिऱ्हाईक वाढले नाही, तरी रोजची ती जखम वाहावयाची थांबते. मुलीचे शाळेतून नाव काढावे लागत नाही. औषध अर्ध्यावर सोडावे लागत नाही. गरिबाची मिळकत थोडी असते एवढेच नव्हे, ती केव्हा येईल याचा भरवसाही नसतो. पावसाने पाठ फिरविली, बाजार बंद राहिला, पोर तापाने फणफणले, की एका आठवड्यात वर्षाची घडी विसकटते, आणि ती पुन्हा बसविण्यासाठी वेळेवर मिळालेले दोन हजार रुपये हे वर्षाने मिळणाऱ्या वीस हजारांहून मोलाचे ठरतात. वाण्याकडून रोखीने धान्य आणू लागलेल्या खाणावळवालीचे भांडवल वाढले हे तर झालेच, पण तिचा मिंधेपणा गेला. मिंधेपणा या शब्दाला संस्कृतात मला जोड सापडत नाही. तो ओट्याखाली उभे राहूनच कळतो.

त्याच सुमारास, १९७६ साली, बांगलादेशातील जोब्रा या खेड्यात मुहम्मद युनूस यांनी बेचाळीस माणसांची व्यापाऱ्यांकडील बाकी मोजली, ती सारी मिळून ८५६ टका भरली. बेचाळीस जणांची वेठ एवढ्या रकमेने सुटत होती, आणि ती देणारा गावात कोणी नव्हता. त्यांनी ती पदरची दिली. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली, २००६ साली शांततेचे नोबेल पारितोषिक आले, आणि अल्पकर्ज हे जणू दारिद्र्यावरील रामबाण औषध आहे, अशी द्वाही जगभर फिरली.

ही द्वाही खरी नव्हती, आणि या कार्यावर ज्यांचे प्रेम आहे त्यांनीच ते प्रथम बोलले पाहिजे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेतील १०४ वस्त्यांत काही ठिकाणी अशी कर्जे आधी पोहोचवून आणि काही ठिकाणी मागाहून, जे शास्त्रीय परीक्षण केले, त्यात असे दिसले की आधीपासून चालू असलेले धंदे थोडे वाढले, लोकांनी टिकाऊ वस्तू घेतल्या. परंतु घरखर्चाची एकूण पातळी, मुलांचे शिक्षण, आरोग्य, घरातील स्त्रीचे स्थान यांत ठळक फरक पडला नाही. २०१५ साली हिंदुस्थानासह सहा देशांतील अशी परीक्षणे एकत्र प्रसिद्ध झाली, आणि त्यांचा सूर हाच होता: उपयोग आहे, कायापालट नाही. मला या निष्कर्षाने खेद झाला नाही. औषधाला अमृत म्हणून विकणे हा रोग्याचाच अपराध करणे आहे. ज्या गावात पाणी नाही, शाळेत शिक्षक नाही, दवाखान्याला कुलूप आहे, तेथे पाच हजारांच्या कर्जाने बाईने एकटीने आपले दारिद्र्य हटवावे ही अपेक्षा म्हणजे समाजाने आपले ऋण तिच्या खाती वळते करणे होय. आणि तीन ऋणांची शिकवण देणाऱ्या समाजाला हे मुळीच शोभत नाही.

परंतु अपेक्षाभंगाहून भयंकर गोष्ट पुढे आंध्रात घडली. अल्पकर्ज देणाऱ्या खासगी कंपन्यांत तेथे अहमहमिका लागली. एकेका बाईला चार-चार ठिकाणांहून कर्जे मिळू लागली, एकाचा हप्ता भरण्यासाठी दुसरे काढावे अशी रीत पडली, आणि भागधारकांना द्यावयाच्या नफ्याचे आकडे वर चढत राहिले. तारण नव्हते, तेव्हा वसुलीला हाती लागली ती बाईची लाज. गटातील एकीचा हप्ता चुकला की उरलेल्यांनी तिच्या दारात जाऊन बसावे, असा प्रघात पडला. पेशवाईत धनको ऋणकोच्या दारी धरणे धरी. येथे शेजारणीलाच शेजारणीच्या दारी बसविले. आत्महत्यांच्या वार्ता आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील सरकारला वटहुकूम काढावा लागला. पुढे रिझर्व्ह बँकेने व्याजाला मर्यादा घातली. २०२२ च्या नियमांनी ती उठविली, मात्र अशा घराच्या सर्व कर्जांचे मिळून हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असे ठरविले. मला प्रश्न पडतो तो त्या साठाव्या कलमाचा. कारागिराची हत्यारे आणि सवाष्णीचे मंगळसूत्र जप्तीपासून वाचविणाऱ्या कायद्याला, शेजारधर्म हीदेखील जप्त न करण्याची वस्तू आहे, हे अद्याप सुचलेले नाही. परस्परांचा भरवसा हे गरिबाचे जाते आहे. त्यावरच तो दळतो, त्यावरच जगतो. ते गहाण घेणाऱ्याने त्याचा प्राण गहाण घेतला, असे त्या प्राचीन आज्ञेच्या कर्त्याने खचितच म्हटले असते.

बाहेरून दोन्ही व्यवहार सारखेच दिसतात: वर्तुळात बसलेल्या बायका, मध्ये वही, हप्ते, सह्या आणि अंगठे. भेद शोधावयाचा तर व्याज कोठे जाते ते पाहावे. १९९२ साली नाबार्डने बचत गट बँकांशी जोडण्यास आरंभ केला, त्या वाटेने महाराष्ट्राच्या गावोगाव जे गट उभे राहिले, त्यांत बायका आधी आपली बचत पेटीत टाकतात, मग त्या पेटीतून आपसांत कर्जे देतात, पुष्कळदा शेकडा दोन दर महिन्याने. हा दर काही थोडा नव्हे. परंतु ते व्याज त्याच पेटीत परतते आणि वर्षाखेर त्यांच्याच नावावर वाटले जाते. आज जी देणारी, ती सहा महिन्यांनी घेणारी असते. उत्तमर्ण आणि अधमर्ण एकाच चटईवर बसतात आणि पाळीपाळीने जागा बदलतात. हप्ता चुकला तर कारण विचारावे लागत नाही, कारण ते सर्वांना आधीच ठाऊक असते: म्हैस आटली, नातू दवाखान्यात आहे. कान्होबाचा वाटा कसा वागवावा, या प्रश्नाचे मला दिसलेले सर्वांत जवळचे उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर साताऱ्याच्या माण तालुक्यात आहे, जेथे पाऊस हा अपवाद आणि दुष्काळ हा नियम. म्हसवड येथील बायकांनी, चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने, स्वतःची सहकारी बँक काढण्याचे योजिले, तेव्हा प्रवर्तकांत अंगठेबहाद्दर फार, म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. नांगराच्या निशाणीवर शेकडो वर्षे कर्ज देता येत होते. अंगठ्यावर बँक काढता येत नव्हती. बायका परत आल्या, रात्री अक्षरे गिरविली, पुन्हा मुंबईस गेल्या, आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या की कोणत्याही मुद्दलाचे व्याज सांगा, आम्ही तोंडी काढतो, तुम्ही यंत्रावाचून काढून दाखवा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

या बँकेची एक रीत मला फार भावते. बँकेत यावयाचे तर बाईचा दिवसाचा रोजगार बुडतो, म्हणून बँकेची माणसे खातेदाराच्या दारी आणि आठवडेबाजारात जातात. बाजार भरलेला असतो, बाई पालाखाली पोत्यावर बसलेली असते, समोर मेथीच्या जुड्या, आणि वही घेतलेली मुलगी उन्हात उभी असते. आधी गिऱ्हाईकाची जुडी बांधून होते, सुटे पैसे परत दिले जातात, पदराला हात पुसले जातात, मग हप्ता मोजला जातो. तोवर बँक उभी असते.